गेल विवरातल्या वाऱ्याचा माग

भारतीय वेळेनुसार ६ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर मंगळावरच्या गेल विवरात उतरला, तेव्हा त्याच्या मानेवर वारा मोजणाऱ्या दोन छोट्या दांड्या होत्या. त्यातली एक उतरल्यानंतरच्या तपासणीतच निकामी निघाली. रोव्हरला दोरांनी खाली सोडणाऱ्या वाहनाच्या इंजिनांमुळे जमिनीवरचे खडे उडाले आणि त्यातलेच काही नाजूक संवेदकावर आदळले असावेत, असा अंदाज आहे. दुसऱ्या दांडीने चार वर्षे साथ दिली आणि २०१६ मध्ये तीही गेली. रोव्हर मात्र पुढे चालत राहिला, डोंगर चढत राहिला. हवेचा दाब आणि तापमान तो मोजत राहिला, पण वारा थेट मोजण्याचे साधन त्याच्याकडे उरले नाही.

तरीही त्यानंतरच्या वर्षांत गेल विवरातल्या वाऱ्याबद्दल आपल्याला पुष्कळ कळले. कॅमेरे शाबूत होते. वारा डोळ्यांना दिसत नसला तरी तो जे हलवतो, उचलतो, झाकतो आणि पुसतो ते दिसते. एकाच जागेची चित्रे पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दोन चित्रांत काय बदलले ते शोधायचे, हे मोहिमेच्या रोजच्या कामाचा भाग झाले. दगडांच्या रसायनाइतके ते बातम्यांत येत नाही. माझ्या मते मंगळाबद्दलची आपली समज खरी बदलली ती अशाच चिकाटीच्या, काहीशा कंटाळवाण्या कामातून.

आधी मंगळावरचा वारा म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवे. तिथल्या हवेची घनता पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे साठाव्या भागाइतकी आहे. वाऱ्याचा रेटा घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. हिशेब केला तर मंगळावर ताशी शंभर किलोमीटरने सुटलेला वारा आपल्याकडच्या ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या झुळकेइतकाच रेटा देतो. ‘द मार्शियन’ या चित्रपटाच्या सुरुवातीला वादळाने अंतराळयान कलंडण्याच्या बेतात येते. तसे तिथे घडू शकत नाही. १९७६ मध्ये उतरलेल्या दोन ‘व्हायकिंग’ यानांनी मोजलेले सर्वांत जोराचे वारे सेकंदाला तीसेक मीटरपर्यंतचे होते. आकडा वादळाचा असला तरी त्यामागची ताकद झुळकेची होती.

हा वारा मोजायचाही वेगळ्या पद्धतीने. फिरत्या वाट्यांचा वातमापक इतक्या विरळ हवेत फारसा उपयोगाचा नाही. क्युरिऑसिटीवरचे हवामान केंद्र स्पेनमधल्या खगोलजीवशास्त्र केंद्राने बनवले होते. त्यात सिलिकॉनच्या बारीक चकत्या विजेने तापवून ठेवत. वारा वाहिला की चकती थंड होते आणि तिला पुन्हा त्याच तापमानावर आणायला किती वीज लागली, यावरून वाऱ्याचा वेग काढतात. २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलेल्या ‘फिनिक्स’ यानावर याहून साधी युक्ती होती. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाने बनवलेली एक अगदी हलकी नळी धाग्यांवर टांगलेली होती आणि ती किती व कुठे कलते हे कॅमेरा पाहायचा. म्हणजे तिथेही वारा मोजत होता तो कॅमेराच.

इतक्या कमजोर वाऱ्याने वाळू हलेल का, हा जुना प्रश्न होता. पुष्कळ काळ असे मानले जाई की मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या मागच्या एखाद्या दाट हवेच्या काळात तयार झाल्या असाव्यात आणि आता त्या जवळपास गोठल्यासारख्या पडून असाव्यात. हवामानाची गणिते सांगत होती की वाळू उचलायला लागणारा वेग तिथे क्वचितच येतो. २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ने या समजुतीला धक्का दिला. त्याच्या हायराइज कॅमेऱ्याने काही वर्षांच्या अंतराने त्याच टेकड्यांची चित्रे घेतली, तेव्हा टेकड्या सरकलेल्या दिसल्या. निली पटेरा नावाच्या जागी तर वाळूचे वहन अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया दरीतल्या टेकड्यांच्या तोडीचे निघाले. टेकड्या जिवंत होत्या.

मग गणित कुठे चुकले? उत्तराचा एक भाग वाळूच्या कणांच्या उड्यांमध्ये आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात भटकंती केली, नंतर वायुबोगद्यात प्रयोग केले आणि १९४१ मध्ये वाळूच्या हालचालीवर एक ग्रंथ लिहिला. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. वाळूचा कण धुळीसारखा तरंगत नाही. तो उडी मारतो, खाली आपटतो आणि आपटताना आणखी कणांना उडवतो. पहिला कण उचलायला जोराचा वारा लागतो, पण एकदा उड्या सुरू झाल्या की कमी वाराही त्या चालू ठेवू शकतो. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे आणि हवेचा विरोध नगण्य. त्यामुळे कण उंच आणि लांब उडतात, वेगाने आपटतात. यास्पर कॉक या संशोधकाने २०१० मध्ये दाखवले की तिथे उड्या सुरू करायला जेवढा वेग लागतो, त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत तो उतरला तरी त्या चालू राहू शकतात. एखादा क्षणिक झोत कणांना जागे करतो आणि नंतरचा साधा वारा त्यांना चालवत नेतो. सरासरी वेगाच्या गणितात हा झोत हरवून जातो.

गेल विवरातल्या काळ्या वाळूच्या पट्ट्याला याच बॅग्नोल्डचे नाव दिले आहे. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी तिथे पोहोचला. दुसऱ्या ग्रहावरच्या हलत्या वाळूच्या टेकडीजवळ जाऊन तिचा अभ्यास करण्याची ती पहिलीच वेळ. तिथे एक नवल दिसले. पृथ्वीवरच्या वाळवंटात मोठ्या टेकड्या असतात आणि त्यांच्या अंगावर वीतभर अंतराच्या बारीक लहरी असतात. बॅग्नोल्ड टेकड्यांवर या दोन्हींच्या मधल्या मापाच्या, साधारण तीन मीटर अंतराच्या लहरीही होत्या. त्या विरळ हवेमुळेच तयार होतात आणि त्यांची घडण पाण्याखालच्या वाळूवरच्या लहरींसारखी आहे, असे मत २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले गेले. काही अभ्यासकांना ते पटलेले नाही. त्यांच्या मते या आपल्याकडच्याच लहरी आहेत, फक्त मंगळावर त्यांना जास्त वाढायला वाव मिळतो. हा वाद निकाली निघाला तर फार जुन्या वालुकाश्मातल्या लहरींवरून त्या काळची हवा किती दाट होती हे सांगता येईल. म्हणून तो नुसता आकारांचा वाद नाही.

पहिल्या भेटीत दक्षिण गोलार्धातला हिवाळा होता आणि वाळू फारशी हलत नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला रोव्हर पुन्हा त्या पट्ट्याशी आला तेव्हा तिथे उन्हाळ्याचे दिवस होते. या वेळी दिवसागणिक फरक दिसला. रोव्हरच्या पोटाखाली एक कॅमेरा आहे. उतरताना खालच्या जमिनीची चित्रे घेण्यासाठी तो बसवला होता आणि त्याचे काम खरे तर पहिल्या काही मिनिटांतच संपले होते. शास्त्रज्ञांनी त्याला दुसऱ्या कामाला लावले. रोव्हर थांबलेला असताना तो खालच्या वाळूची रोज चित्रे घेऊ लागला आणि लहरी पुढे सरकताना दिसल्या. वाऱ्याचा संवेदक बंद पडल्यानंतरची ही नोंद आहे. लहरी कोणत्या दिशेने सरकल्या यावरून वारा कुठून वाहिला ते कळले, आणि किती सरकल्या यावरून त्याचा जोर.

अशी निरीक्षणे आता प्रत्येक मुक्कामी होतात. चाकाने उमटवलेल्या खुणेची धार बोथट झाली का, खडकात भोक पाडल्यावर बाजूला साचलेल्या भुकटीचा ढीग कुठल्या अंगाने झिजला, रोव्हरच्या पाठीवर पडलेले वाळूचे कण कालच्या जागी आहेत का, हे सारे पाहिले जाते. चित्रे वेगवेगळ्या वेळी घेतात, कारण गेल विवरात वारा घड्याळाप्रमाणे दिशा बदलतो. हे विवर १५४ किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध साडेपाच किलोमीटर उंचीचा माउंट शार्प उभा आहे. दिवसा तापलेले उतार हवेला वर खेचतात आणि रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली घरंगळते. सकाळी आणि संध्याकाळी घेतलेल्या चित्रांत फरक नसेल आणि रात्र गेल्यावर तो दिसला, तर वाळू रात्रीच्या वाऱ्याने हलवली हे उघड होते.

जमिनीवरून नजर वर उचलली की वावटळी दिसतात. चैत्र-वैशाखात नांगरून ठेवलेल्या शेतांवर भर दुपारी उठणारी वावटळ मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कोणालाही माहीत आहे. मंगळावरची वावटळ त्याच कारणाने उठते. जमीन तापते, जमिनीलगतची हवा वर उठते आणि उठताना फिरू लागते. आकार मात्र फार वेगळे. १४ मार्च २०१२ रोजी अमेझोनिस मैदानावर हायराइजने टिपलेली वावटळ तब्बल वीस किलोमीटर उंच होती, तरी तिची रुंदी जेमतेम सत्तर मीटर.

जमिनीवरून मात्र ती सहज दिसत नाही. क्युरिऑसिटीचा मार्गदर्शक कॅमेरा दुपारच्या सुमारास एकाच दिशेने काही मिनिटे चित्रांमागून चित्रे घेतो. मूळ चित्रे नुसती पाहिली तर बहुधा काहीच आढळत नाही, कारण तांबूस जमिनीसमोर तांबूस धूळच असते. मग सगळ्या चित्रांची सरासरी काढतात आणि ती प्रत्येक चित्रातून वजा करतात. जे स्थिर आहे ते सगळे, म्हणजे दगड, उतार, क्षितिज, नाहीसे होते. जे हलले तेवढे उरते. ९ ऑगस्ट २०२० रोजी अशाच एका मालिकेत अर्ध्या ते एक किलोमीटर अंतरावरून जाणारी वावटळ सापडली. ती सुमारे पाच मीटर रुंद आणि किमान पन्नास मीटर उंच असावी. मोहिमेच्या सुरुवातीच्या काळात दाबाची नोंद क्षणभर घसरायची, म्हणजे भोवरा जवळून जायचा, पण चित्रांत धूळ क्वचितच दिसायची. रोव्हर डोंगर चढत गेला तशा वावटळी जास्त दिसू लागल्या. धूळ नसलेले भोवरे असतात, हे यातून स्पष्ट झाले. नुसती चित्रे पाहणाऱ्याला ते कधीच कळले नसते आणि नुसता दाब मोजणाऱ्याला त्यांनी धूळ उचलली की नाही हे सांगता आले नसते.

तिसरी नजर आकाशावर असते. मंगळाच्या हवेतली धूळ फार बारीक असते, एक-दोन मायक्रॉनच्या आसपासची, आणि ती दीर्घकाळ तरंगत राहते. रोव्हर गडद गाळणीतून थेट सूर्याचे चित्र घेतो आणि त्याचा उजेड किती घटला हे मोजतो. या मापाला ग्रीक अक्षर ‘टाऊ’ हे नाव आहे. टाऊ एक असेल तर डोक्यावर असलेल्या सूर्याच्या थेट किरणांपैकी ३७ टक्केच जमिनीपर्यंत येतात. बाकीचे विखुरतात किंवा शोषले जातात. याशिवाय क्षितिजाकडे पाहून विवराचा दूरचा कडा किती स्पष्ट दिसतो, याचीही नोंद ठेवतात. सूर्याकडे पाहून हवेच्या पूर्ण उंचीतली धूळ कळते, कड्याकडे पाहून विवराच्या तळाशी साचलेली. या दोन मापांत फरक पडला की वरची आणि खालची हवा एकमेकींत किती मिसळत आहे, हे समजते.

हे माप किती निर्णायक ठरू शकते, ते २०१८ मध्ये कळले. मेच्या अखेरीस सुरू झालेले धुळीचे वादळ जूनमध्ये सगळ्या ग्रहावर पसरले. ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला, एन्डेव्हर विवराच्या काठावर ‘ऑपॉर्च्युनिटी’ होता. नव्वद दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर तेव्हा पंधराव्या वर्षात होता. १० जूनला त्याने शेवटचा संदेश पाठवला. त्याने मोजलेला टाऊ होता १०.८. याचा अर्थ सूर्याच्या थेट किरणांचा पन्नास हजारावा हिस्सा उरला होता. त्याच्या सौर पट्ट्यांतून दिवसभरात अवघी २२ वॉट-तास वीज मिळत होती. नंतरचे आठ महिने हाका मारूनही उत्तर आले नाही आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्याच वादळात क्युरिऑसिटीच्या आकाशातला टाऊ आठच्या वर गेला, विवराचा कडा चित्रांतून दिसेनासा झाला. पण तो प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतो, म्हणून त्याचे निरीक्षण थांबले नाही. वादळाच्या पोटात बसून इतक्या तपशिलाने त्याची नोंद क्वचितच कोणी केली असेल.

इतके मोठे वादळ साधारणपणे मंगळाच्या तीन वर्षांत एकदा येते, म्हणजे आपल्या साडेपाच वर्षांत. नेमके कधी, हे सांगता येत नाही. १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाभोवती पोहोचले तेव्हा सगळा ग्रह धुळीने झाकलेला होता आणि वर डोकावत होती ती फक्त चार ज्वालामुखींची शिखरे. दक्षिण गोलार्धाचा वसंत आणि उन्हाळा येतो तेव्हा मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि अशी मोठी वादळे याच काळात उठतात. हवेत धूळ गेली की ती ऊन शोषते, हवा तापते, वारा वाढतो आणि तो आणखी धूळ उचलतो. पण दरवर्षी उठणाऱ्या अनेक वादळांपैकी एखादेच ग्रहभर का पसरते आणि बाकीची जागीच का विरतात, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही.

वाऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो धूळ आणतो तसा नेतोही. २००५ च्या मार्चमध्ये गुसेव विवरातल्या ‘स्पिरिट’ रोव्हरच्या सौर पट्ट्या वाऱ्याने झाडून निघाल्या आणि त्याची वीज एकाएकी वाढली. ऑपॉर्च्युनिटी इतकी वर्षे टिकला तो अशाच झोतांमुळे. ‘इनसाइट’ या स्थिर यानाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याच्या दाबमापकाने हजारो भोवरे नोंदवले, तरी पट्ट्यांवरची धूळ वाढतच गेली. तेव्हा मोहिमेच्या लोकांनी एक विलक्षण प्रयोग केला. मे २०२१ मध्ये यांत्रिक हाताने वाळू उचलून पट्टीच्या शेजारी, वाऱ्याच्या तोंडाशी, हळूहळू सोडली. वाळूचे कण उड्या मारत पट्टीवरून गेले आणि जाताना धूळ घेऊन गेले. दिवसाला सुमारे ३० वॉट-तास वीज वाढली. धूळ झाडायला आणखी वाळू टाकायची, हे बॅग्नोल्डने शिकवलेल्या उड्या नीट समजल्याशिवाय सुचले नसते. पुढे धुळीनेच मात केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये इनसाइट शांत झाले.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’वर पुन्हा स्पॅनिश हवामान केंद्र आहे, आधीपेक्षा सुधारलेले. पण जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या प्रादेशिक वादळात उडालेल्या खड्यांनी त्याच्याही वातसंवेदकाच्या तारा तोडल्या. विरळ हवेचा वारा निरुपद्रवी समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वाऱ्याचा रेटा कमी असला तरी त्याने उडवलेला खडा खडाच असतो.

याच रोव्हरवर ध्वनिग्राहकही आहे. तो महिन्यातून मोजक्याच वेळा, काही मिनिटांसाठी चालू करतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी तो चालू असतानाच सुमारे २५ मीटर रुंद आणि किमान ११८ मीटर उंच वावटळ थेट रोव्हरवरून गेली. आधी वाऱ्याचा घोंगाट, मग वावटळीच्या मध्यातली शांतता, पुन्हा घोंगाट आणि त्यात कणांचे टकटक आपटणे, असे सारे त्यात उतरले. त्याच क्षणी दाब घसरला आणि कॅमेऱ्याने धूळही टिपली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्या ध्वनिमुद्रणातल्या एका ‘कट्’ आवाजाचा वेगळा अर्थ लावला. तो कणाचा आघात नव्हता, ती विजेची ठिणगी होती. मंगळाच्या दोन वर्षांतल्या नोंदींत अशा ५५ ठिणग्या सापडल्या. घासल्या गेलेल्या धुळीवर विद्युतभार साचतो, हा तर्क जुना होता, पुरावा आता हाती आला.

वरून पाहणाऱ्या यानांचे काम यात पूरक आहे. आपल्या ‘मंगळयाना’नेही कक्षेत पोहोचल्यावर चारच दिवसांत, २८ सप्टेंबर २०१४ रोजी, ७४,५०० किलोमीटर उंचीवरून उत्तर गोलार्धातल्या धुळीच्या वादळाचे सुंदर चित्र घेतले होते. पण वादळ जन्मते ते जमिनीवर, एखादा कण पहिली उडी मारतो तिथे. तो क्षण वरून दिसत नाही. वाऱ्याचा वेग आणि कणांची हालचाल एकाच जागी, एकाच वेळी, वर्षभर सलग मोजणारे केंद्र अजून मंगळावर नाही. माणसे पाठवण्याच्या योजना आखणाऱ्यांनी हे काम मागे ठेवू नये. तिथे राहणाऱ्यांची वीज, दृश्यमानता आणि यंत्रांचे आयुष्य धुळीवर अवलंबून असेल.

तोपर्यंत चित्रे आहेत. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सची चित्रे पृथ्वीवर येताच नासा ती कोणतीही प्रक्रिया न करता सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवते, आणि ती पाहायला पैसे लागत नाहीत. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि कुतूहल असलेल्या मुलांनी मार्गदर्शक कॅमेऱ्याची, एकाच दिशेची, थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चित्रे उतरवून घ्यावीत, एकामागून एक भराभर पाहावीत आणि क्षितिजाच्या कडेवर नजर ठेवावी. दगड हलणार नाहीत. दुसरे काही हललेले दिसले, तर ती वावटळ असण्याची शक्यता भरपूर आहे.